शकेल

टिपणं घ्यायचं काम माझ्याकडे आलं
कारण माझं अक्षर बरं आहे
आणि मी मध्ये मध्ये बोलत नाही.

हॉटेलच्या तळघरात दोन खोल्या.
एकीत आम्ही सात जण, दुसरीत कॉलेज.
मधल्या बोळात बर्फाचं यंत्र,
मनात येईल तेव्हा खडखडणारं,
आणि मध्यस्थ फेनविकबाई, काखेत फाईल,
या दारातून त्या दारात,
रुसलेल्या व्याह्यांचे निरोप पोचवणाऱ्या
शेजारणीसारख्या.

तेरावा दिवस. बाहेर बंदर गोठलेलं.
म्हैस अजून पाण्यातच, वर मोल चाललेलं.
पहिल्या दिवशी त्यांनी पाऊण टक्का देऊ केला,
आम्ही हसलो.
सहाव्या दिवशी सव्वा.
कुणी हसलं नाही.
रॅनल्ड मॅक्स्वीन, वेल्डिंगचा मास्तर,
कागदी कपाच्या कडा दुमडत बसलेला.
त्याचे वडील ज्या पोलाद कारखान्यात संपावर गेले
तिथे आता हिरवळ आहे आणि एक बाक.

घोडं अडलं ते कलम चौदाशी.
तासिका तत्त्वावरचे शिक्षक.
आमचा मसुदा: सलग चार सत्रं शिकवल्यास
कॉलेज कायम नेमणूक देईल.
त्यांचा मसुदा: देऊ शकेल.

हॅलिफॅक्सहून आलेला त्यांचा वकील, प्रुइट,
आजाऱ्याशी बोलावं तशा मऊ आवाजात म्हणाला,
फरक एका शब्दाचा आहे, त्याचा किती कीस काढायचा?

डेल्फीन गूथ्रो आमच्या बाजूला, अगदी टोकाला.
तासिका तत्त्वावर, अकरा वर्षं.
तिचं ऑफिस विचाराल तर
पार्किंगमध्ये खांब नऊपाशी एक राखी गाडी,
मागच्या सीटवर निबंधांचे गठ्ठे,
काचेवर टकटक केली की
ती पुढच्या सीटवरचा डबा उचलून जागा करते.
ती म्हणाली, मी व्याकरण शिकवते, साहेब.
हे साहाय्यक क्रियापद.
ते साहाय्य कुणाला करतं, एवढंच विचारायचं होतं.

प्रुइटनं हे लिहून घेतलं.
मीही.

रात्री दोन चाळीसला शेवटचा कागद आला.
सव्वादोन टक्के. दातांचा विमा, मुलांसकट.
कलम चौदा: शकेल.
फेनविकबाई दारातच उभ्या राहिल्या,
म्हणाल्या, सहा वाजेपर्यंतच हं,
आणि पहिल्यांदाच त्यांनी दार हळू लावलं.

रोडा, आमची अध्यक्ष, बराच वेळ चष्मा पुसत राहिली.
मग म्हणाली, पुढच्या करारात बघू.
पुढच्या करारात.
हे वाक्य माझ्या जुन्या वह्यांत
तीनदा आहे, माझ्याच बऱ्या अक्षरात.

सहा हात वर गेले.
उजव्यात पेन होतं,
म्हणून मी डावा केला.

डेल्फीननं हात केला नाही, आदळआपटही नाही.
मसुदा स्वतःकडे ओढला,
कलम चौदा बोट ठेवून वाचलं,
पर्समधून लाल पेन काढलं.
इथे स्वल्पविराम हवा, म्हणाली.
नाहीतर अर्थ दोन निघतात.
सही होणारच आहे तर शुद्ध तरी असू दे.

इतिवृत्तात मी लिहिलं:
ठराव सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर.
स्वल्पविरामाचं लिहिलं नाही,
ते कुठल्या रकान्यात बसत नव्हतं.

बाहेर उजाडायचं होतं.
रॅनल्ड तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ
बँकेच्या कार्डानं खरवडत होता,
ती नको म्हणत होती,
तो ऐकत नव्हता.
कार्ड मोडलं. दोघंही त्याकडे बघत राहिले.
सोमवारी आठला तास आहे, ती म्हणाली,
आणि गेली.

एप्रिलमध्ये माझ्या मुलाच्या दातांना तार बसली.
विम्यातून, पूर्ण.
तो आरशासमोर ओठ फाकवून उभा राहतो,
मला हाक मारतो, बघ ना.
मी बघते.

राखी गाडी आता खांब सातपाशी असते.
तिथे वारा कमी लागतो म्हणे.
प्रयोगशाळेच्या खिडकीतून दिसते,
नळी धुता धुता मान वळवली तर.
काचा धुरकटलेल्या, आत दोन डोकी,
मधे एक कागद.